बुरशी मरत नाही? आधी सीरमकडे पाहा

प्रश्न : मी संशोधक विद्यार्थिनी आहे. माणसाच्या रक्तातले न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) कँडिडा अल्बिकन्स या बुरशीच्या किती पेशी मारतात, हे मला मोजायचं आहे. नेहमीच्या कल्चर माध्यमात १० टक्के एफबीएस (गर्भस्थ वासराचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव; ५६ अंशांवर तापवून घेतलेलं) घालून दोन्ही एकत्र ठेवते. तासाभरानं प्लेटवर वसाहती जवळपास तितक्याच दिसतात. एकदा सहकाऱ्यानं दिलेलं माणसाचं ताजं सीरम वापरलं, तेव्हा वसाहती चांगल्याच घटल्या. उरलेलं सीरम उणे २० अंशांवर ठेवलं आणि नंतर दोनदा वितळवून वापरलं, तर काहीच नाही. आणखी एक कोडं आहे. त्या पहिल्या दिवशी एका नळीत न्यूट्रोफिल घातलेच नव्हते, नुसतं ताजं सीरम आणि यीस्ट (कँडिडाच्या सुट्या गोल पेशी) होतं. तिथेही आकडा थोडा उतरला. मग बुरशी मारली कुणी, सीरमनं की पेशींनी? मार्गदर्शकांच्या मते माझे न्यूट्रोफिल खराब निघतात. वेळ वाढवून तीन तास करून पाहू का?

उत्तर : न्यूट्रोफिलांवर ठपका ठेवायची घाई नको. ताजं सीरम होतं त्या दिवशी त्याच पद्धतीनं काढलेल्या पेशींनी काम केलं, म्हणजे बदललं ते सीरम. आणि तीन तासांचा प्रयोग अजिबात करू नका. का ते खाली येईलच.

सीरम म्हणजे पेशींचा खुराक, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पेशी वाढवताना ते ठीक आहे. पण बुरशी मारण्याच्या प्रयोगात सीरम हा अभिकर्मक आहे. न्यूट्रोफिलांइतकाच नाजूक, आणि निकाल त्यांच्याइतकाच ठरवणारा. न्यूट्रोफिल काढताना तुम्ही घड्याळ लावून बसत असाल. सीरमची कुपी मात्र फ्रीजरमधून कशीही आत-बाहेर होते. बहुतेकांचं इथेच चुकतं.

आधी कोडं सोडवू. ताज्या सीरमनं एकट्यानं कँडिडा मारली नाही. सीरममधली कॉम्प्लिमेंट प्रथिनं (जंतूंविरुद्ध साखळीनं चालू होणारा गट) शेवटच्या टप्प्यात पेशीपटलाला भोक पाडणारं एक संकुल उभारतात आणि काही जीवाणू त्यानं फुटतात, हे खरं. पण यीस्टचं पटल जाडजूड भित्तिकेखाली दडलेलं असतं. ते संकुल भित्तिकेतच अडकतं, पटलापर्यंत पोहोचत नाही. मग आकडा का उतरला? ३७ अंशांवर सीरम मिळालं की कँडिडा अल्बिकन्स अंकुरनलिका, म्हणजे पुढे तंतू होणारी बारीक नळी, काढते. निदानाच्या प्रयोगशाळेत ही बुरशी ओळखायची जुनी चाचणी हीच : सीरममध्ये दोन-तीन तास ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली नलिका शोधायच्या. अंकुरलेल्या पेशी एकमेकींत गुंततात, नळीच्या भिंतीला चिकटतात. दहा पेशींचा गुंता प्लेटवर एकच वसाहत देतो. शिवाय सीरममधलं ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह धरून ठेवतं, त्यामुळे वाढीचा वेगही थोडा मंदावतो. म्हणजे पेशी मेल्या नव्हत्या, तुमच्या मोजणीत आल्या नाहीत. तीन तास नको म्हटलं ते यासाठीच. तोवर नळीत यीस्ट उरणार नाही, तंतूंचं जाळं असेल आणि वसाहतींचा आकडा निरर्थक होईल.

म्हणून टक्केवारी काढताना भागायचं ते सुरुवातीच्या आकड्यानं नाही. त्याच सीरममध्ये, तेवढाच वेळ, तशाच नळीत, पण न्यूट्रोफिलांशिवाय ठेवलेल्या यीस्टच्या आकड्यानं भागायचं. न्यूट्रोफिल असलेल्या नळीतल्या वसाहती भागिले नसलेल्या नळीतल्या, हे एकातून वजा करून गुणिले शंभर. प्रत्येक प्रकारच्या सीरमसाठी असा स्वतंत्र कंट्रोल (तुलनेची नळी) लागतो. ताज्या सीरमच्या नळीला तापवलेल्या सीरमचा कंट्रोल चालत नाही.

मग सीरम करतं काय? ते बुरशीवर शिक्के मारतं, आणि न्यूट्रोफिल ते शिक्के वाचतात.

कँडिडाच्या भित्तिकेत बाहेरच्या अंगाला मॅननचा थर असतो, आत बीटा-ग्लुकन आणि त्याखाली कायटिन, या सगळ्या साखरेच्या साखळ्या. आपल्या भक्षक पेशींकडे बीटा-ग्लुकन ओळखणारा डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर (पृष्ठभागावरचं ओळखणारं प्रथिन) आहे, पण धडधाकट यीस्टवर ग्लुकन बहुतांशी झाकलेलं असतं. ही अडचण सीरम दूर करतं. त्यातलं मुख्य प्रथिन सी३. मिलिलिटरमागे साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम, म्हणजे मुबलक. सी३च्या आत एक थायोएस्टर बंध दडलेला असतो. सी३ कापलं गेलं की सी३बी हा तुकडा मोकळा होतो, बंध उघडा पडतो आणि जवळच्या साखरेच्या हायड्रॉक्सिल गटाला कायमचा चिकटतो. बुरशीची भित्तिका म्हणजे बहुतेक साखरच, त्यामुळे जागेला तोटा नाही. हा बंध सहसंयुज असल्यानं साध्या धुण्यानं निघत नाही, आणि तुमच्या प्रयोगाला ते सोयीचं आहे.

सी३ कापलं जायचे रस्ते तीन. पर्यायी मार्गाला कुणाच्या निमंत्रणाची गरज नसते. सी३ थोडं थोडं आपोआप सक्रिय होतच असतं. बुरशीवर पडलेला पहिला सी३बी फॅक्टर बी या कॉम्प्लिमेंट प्रथिनाला धरतो आणि तिथून साखळी वाढत जाते. पण सुरुवातीला हा मार्ग काही मिनिटं रेंगाळतो. अभिजात मार्ग प्रतिपिंडांनी सुरू होतो. कँडिडा बहुतेकांच्या तोंडात-आतड्यात वस्तीला असते, त्यामुळे निरोगी प्रौढांच्या रक्तात मॅननविरोधी आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) कमी-अधिक असतंच, आणि ते असलं की सी३बी पहिल्या एक-दोन मिनिटांत बसायला लागतं. तिसरा लेक्टिन मार्ग : मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन हे सीरममधलं प्रथिन थेट मॅननला धरतं. याचं प्रमाण सरासरी मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमच्या आसपास असलं, तरी माणसामाणसांत शेकडो पटींचा फरक पडतो, आणि अनेक निरोगी लोकांत ते जवळजवळ नसतंच. एका दात्याचं सीरम झकास चालतं आणि दुसऱ्याचं ढिम्म, यामागे बहुधा मॅननविरोधी आयजीजी आणि हे लेक्टिन या दोघांचीच तफावत असते.

पुढची पायरी पुष्कळदा गाळली जाते. चिकटलेलं सी३बी तसंच राहत नाही. फॅक्टर एच या नियंत्रक प्रथिनाला सोबत घेऊन फॅक्टर आय हे एन्झाइम त्याला कापतं आणि आयसी३बी तयार होतं. सी३बी वाचतो सीआर१ हा भक्षक पेशींवरचा रिसेप्टर. आयसी३बी वाचतात सीआर३ आणि सीआर४. न्यूट्रोफिलांवर सीआर३ भरपूर असतो, म्हणून बुरशीच्या बाबतीत खरा कामाचा शिक्का आयसी३बीचाच. सीआर३ला आणखी एक जागा असते, ती बीटा-ग्लुकनला धरते. एकाच रिसेप्टरनं सीरमचा शिक्काही वाचायचा आणि बुरशीची साखरही, ही सोय या सगळ्या यंत्रणेत आम्हाला सर्वांत देखणी वाटते. बुरशीवर बसलेलं आयजीजी वेगळ्या रिसेप्टरांनी, म्हणजे एफसी-गॅमा गटानं वाचलं जातं. शिवाय साखळी पुढे सरकताना सी५ए हा छोटा तुकडा द्रावणात सुटतो. तो न्यूट्रोफिलांना बोलावतो आणि त्यांच्या पृष्ठभागावरचा सीआर३ही वाढवतो.

हे काही नवं ज्ञान नव्हे. भक्षक पेशी रोगजंतूला खाताना मेचनिकॉफ यांनी १८८४ मध्ये वर्णन केल्या, त्या पाणपिसवेच्या अंगातल्या यीस्टवर तुटून पडलेल्या होत्या. सीरम जंतूंना ‘खाण्याजोगं’ करतं, हे राइट आणि डग्लस यांनी १९०३ मध्ये दाखवलं. आणि पर्यायी मार्गाचा पहिला धागा पिलेमर यांना १९५४ मध्ये सापडला तो झायमोसानमुळे, म्हणजे पुन्हा यीस्टच्या भित्तिकेमुळेच.

आता तुमची दोन सीरमं. एफबीएस ५६ अंशांवर अर्धा तास तापवलं की फॅक्टर बी (पर्यायी मार्गाचं) आणि सी२ (बाकी दोन मार्गांचं) निकामी होतात, सी१क्यू या आणखी एका कॉम्प्लिमेंट प्रथिनालाही इजा होते. तिन्ही मार्ग बंद. गर्भस्थ वासराच्या सीरममध्ये कॉम्प्लिमेंट मुळात कमी, प्रतिपिंडं नगण्य. म्हणजे तुमच्या यीस्टवर एकही शिक्का नव्हता. दुसरं सीरम उणे २० अंशांवर ठेवून वितळवलं, पुन्हा गोठवलं, पुन्हा वितळवलं. कॉम्प्लिमेंट हे सोसत नाही. कुपीत प्रथिनांची बेरीज तेवढीच असेल, त्यांची क्रिया गेलेली असेल. प्रतिपिंडं मात्र यात बऱ्यापैकी टिकतात, त्यामुळे अशा सीरमनं कधीकधी अर्धवट परिणाम दिसतो आणि माणूस आणखी गोंधळतो.

सीरम स्वतः तयार करा. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि दात्यांची लेखी संमती आधी. काही औषध चालू नसलेले किमान पाच निरोगी दाते घ्या. रक्त साध्या नळीत घ्यायचं, ईडीटीए, सायट्रेट किंवा हेपॅरिन असं गुठळी रोखणारं काहीही नको. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही ओढून घेतं, मग कॉम्प्लिमेंट चालूच होत नाही. खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटं गुठळी होऊ द्या. ३७ अंशांवर नको, आणि रात्रभर तर मुळीच नको. गुठळी आखडली की नळी बर्फात. ४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये २००० जी बलानं १० मिनिटं फिरवा आणि वरचं सीरम गुठळीला न हलवता काढा. लालसर दिसलं तर टाकून द्या. सगळ्यांचं मिसळून २०० मायक्रोलिटरच्या कुप्या भरा आणि लगेच उणे ८० अंशांवर ठेवा. एक कुपी म्हणजे एक प्रयोग. वितळवायची बर्फावर, उरलेलं फेकायचं. कुपीवर तारीख लिहा, आणि ‘परत गोठवू नये’ हेही लिहा, कारण तुम्ही नसताना ती कुणीतरी उघडणारच. प्रत्येक दात्याची एखादी वेगळी कुपीही राखून ठेवा. मिश्रण विचित्र वागलं तर शोध तिथून सुरू करता येतो.

सीरममध्ये जीव आहे का, हे बुरशीवर वापरण्याआधीच तपासता येतं. सशाच्या लाल पेशी माणसाच्या ताज्या सीरममध्ये पर्यायी मार्गानं फुटतात. प्रतिपिंड लावलेल्या मेंढीच्या लाल पेशी अभिजात मार्गानं फुटतात. पेशी फुटून द्रावण लाल झालं तर कॉम्प्लिमेंट शाबूत आहे. प्रत्येक नव्या साठ्यावर ही चाचणी कराच.

तापवलेलं सीरम फेकू नका, तो तुमचा कंट्रोल आहे. पण तो त्याच मिश्रणाचा हवा, दुसऱ्या बाटलीतला नको. ५६ अंश, ३० मिनिटं. वेळ मोजायची ती सीरम ५६ला पोहोचल्यापासून, नळी पाण्यात ठेवल्यापासून नाही. शेजारी तितक्याच पाण्याची नळी आणि तीत थर्मामीटर ठेवला की अंदाज बांधावा लागत नाही. ६० अंशांच्या वर गेलात तर आयजीजीचे पुंजके होतात, ते न्यूट्रोफिलांच्या एफसी रिसेप्टरांना परस्पर चिथावतात आणि कंट्रोलच बोलायला लागतो.

यीस्ट वायपीडी माध्यमात ३० अंशांवर, हलवत, रात्रभर वाढवा. ३७वर वाढवू नका, तंतू सुरू होतील. सकाळी पीबीएस बफरनं तीनदा धुवा, जोरात व्होर्टेक्स करा (यंत्रावर घुसळा) आणि मोजणीच्या काचेवर पाहा. कळी असलेली पेशी एक धरायची की दोन, हे आधीच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. उष्णतेनं मारलेलं यीस्ट या कामाला घेऊ नका. तापवल्यावर मॅननचा थर विस्कटतो, ग्लुकन उघडं पडतं, न्यूट्रोफिल ते सीरमशिवायही आवडीनं खातात आणि सीरमचा काही उपयोग नाही असा खोटा निष्कर्ष हाती येतो.

शिक्के मारण्यासाठी मिलिलिटरला एक कोटी यीस्ट, १० ते २० टक्के ताजं सीरम, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं हँक्स बफर, ३७ अंश, २० ते ३० मिनिटं. त्याहून जास्त वेळ दिलात तर अंकुर दिसू लागतील. सीरम पातळ करताना एक लक्षात ठेवा : १-२ टक्क्यांवरही अभिजात मार्ग चालतो, पण पर्यायी मार्ग १० टक्क्यांखाली झपाट्यानं मंदावतो. ‘थोडं सीरम घातलं होतं’ असं वहीत लिहिण्याला म्हणूनच अर्थ नाही. मग बर्फगार बफरनं दोनदा धुवा.

इथे एक निवड करावी लागते. यीस्टवर शिक्के मारून, धुऊन, मग न्यूट्रोफिलांना दिलं, तर तुम्ही फक्त शिक्क्यांचा परिणाम मोजता. सीरम शेवटपर्यंत नळीत ठेवलं, तर सी५एनं न्यूट्रोफिलांना चेतवणं, ट्रान्सफेरिननं लोह अडवणं, सगळं त्यात येतं. शरीरातली स्थिती दुसऱ्या प्रकाराच्या जवळची. कारण शोधायला पहिला प्रकार बरा. आमचं मत विचाराल तर सुरुवात पहिल्यानं करा. दोन्हींचे आकडे एकाच आलेखात मात्र टाकू नका.

न्यूट्रोफिल वेगळे करताना ग्रेडियंट, डेक्स्ट्रान, लाल पेशी फोडणं हे सगळं तुम्ही करतच असाल. तपासायच्या गोष्टी मोजक्या. शुद्धता आणि जिवंतपणा दोन्ही ९५ टक्क्यांच्या वर हवेत. वेगळं करताना कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं बफर वापरा, नाहीतर पेशी गोळा होतात. पण प्रयोगाच्या बफरमध्ये दोन्ही परत आले पाहिजेत, कारण सीआर३ हा इंटिग्रिन गटातला रिसेप्टर आहे आणि या आयनांशिवाय तो शिक्क्याला धरत नाही. ईडीटीएच्या नळीत रक्त घेतलं असेल तर शेवटचं धुणं नीट करा. काढल्यापासून दोन-तीन तासांत प्रयोग सुरू व्हायला हवा.

मुख्य नळी अशी : एक मिलिलिटरमध्ये दहा लाख न्यूट्रोफिल आणि एक लाख यीस्ट, म्हणजे दहास एक. ३७ अंशांवर ६० मिनिटं, नळी सतत हळू उलटसुलट फिरत राहील अशी. स्थिर ठेवली तर दोघं वेगवेगळ्या वेगानं तळाशी बसतात आणि भेट नशिबावर राहते. वेळ झाली की बर्फात. एकास एक प्रमाणात मारलेल्यांची टक्केवारी कमी दिसते. ते प्रमाण किती यीस्ट गिळलं हे पाहायला ठीक. गिळणं आणि मारणं वेगळं मोजावं लागतं, कारण कँडिडा गिळल्यावरही आतून अंकुर काढून पेशी फोडू शकते.

आता ती जागा, जिथे चांगले प्रयोग वाया जातात. न्यूट्रोफिलांना साध्या पाण्यात फोडलं तर त्यांचा डीएनए बाहेर येऊन चिकट गोळा होतो आणि जिवंत यीस्ट त्यात अडकून राहतं. वसाहती कमी येतात, आपण खूश होतो. त्याऐवजी सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ११ केलेलं पाणी घ्या. १०० मायक्रोलिटर नमुना, ९०० मायक्रोलिटर हे पाणी, पाच मिनिटं, जोरात व्होर्टेक्स. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गठ्ठे दिसले तर आणखी हलवा. यीस्ट हा पीएच एवढा वेळ सहज सोसतं, तरी न्यूट्रोफिल नसलेल्या नळ्यांनाही हेच पाणी द्या. यातून मिलिलिटरला दहा हजार यीस्ट उरतात. आणखी एकदा दहापट पातळ करून १०० मायक्रोलिटर पसरलं की एकही मेलं नसेल तर शंभरेक वसाहती येतात. आधीच्या पातळीचीही एक प्लेट लावा, कारण मारणं जोरात झालं तर दुसरीवर मोजण्याइतक्या वसाहती उरणार नाहीत. सॅबुरो किंवा वायपीडी आगार, ३० अंश, एक ते दोन दिवस. ३० ते ३०० वसाहतींच्या प्लेटाच मोजा. प्रत्येक स्थितीला तीन नळ्या, आणि किमान तीन वेगळ्या दात्यांचे न्यूट्रोफिल वेगळ्या दिवशी. संख्याशास्त्रात नमुना म्हणजे दाता, नळी नव्हे.

ताजं सीरम चालतं आणि तापवलेलं चालत नाही, एवढं दिसलं की मार्ग कोणता हा प्रश्न येणारच. त्यासाठी शिक्के मारण्याच्या पायरीत सीरमचे चार प्रकार घ्या : नुसतं ताजं, १० मिलिमोलर ईजीटीए (मुख्यतः कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घातलेलं, ज्यात फक्त पर्यायी मार्ग उरतो, १० मिलिमोलर ईडीटीए घातलेलं, ज्यात काहीच उरत नाही, आणि तापवलेलं, ज्यात प्रतिपिंडं आहेत पण कॉम्प्लिमेंट नाही. ईजीटीए कॅल्शियम धरताना आम्ल सोडतं, म्हणून साठ्याचा पीएच ७.४ करून घ्या. सर्वांत महत्त्वाचं : ही रसायनं न्यूट्रोफिलांपर्यंत पोहोचू देऊ नका. ती सीआर३लाही लंगडं करतात, आणि कॉम्प्लिमेंट बंद केल्याचा परिणाम समजून तुम्ही रिसेप्टर बंद केल्याचा परिणाम छापाल. शिक्के मारा, धुवा, मग ताज्या बफरमध्ये न्यूट्रोफिलांना द्या. सी३ काढून टाकलेलं सीरम आणि त्यात शुद्ध सी३ परत घातलेलं सीरम, ही जोडी मिळाली तर पुरावा आणखी भक्कम. बजेट नसेल तर वरचे चार पुरतात.

शिक्के खरंच बसले का, हेही पाहून घ्या. धुतलेल्या यीस्टला सी३सीविरोधी चमकणारं प्रतिपिंड लावा आणि फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, पाहा. दुसऱ्या नळीत मानवी आयजीजीविरोधी. सी३सीचा भाग सी३बी आणि आयसी३बी दोन्हींत असतो, त्यामुळे एवढ्यानं त्यांच्यात फरक कळत नाही, पण ताजं आणि तापवलेलं यांतलं अंतर लख्ख दिसतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. न्यूट्रोफिलांचा प्रयोग करण्याआधी ते करा, नंतर नव्हे.

निकालाचा अर्थ लावताना ‘सीरम नाही म्हणजे मारणं शून्य’ अशी अपेक्षा ठेवू नका. शिक्के नसलेली कँडिडाही न्यूट्रोफिल काही प्रमाणात मारतात, मुख्यतः सीआर३च्या ग्लुकन धरणाऱ्या जागेमार्फत, आणि त्याला एनएडीपीएच ऑक्सिडेझची, म्हणजे जहाल ऑक्सिजन-रेणू बनवणाऱ्या एन्झाइमची, गरज लागत नाही. शिक्के असलेली बुरशी मारताना एफसी-गॅमा रिसेप्टर आणि ऑक्सिडेझचा रस्ता पुढे येतो. म्हणजे सीरम नुसता वेग वाढवत नाही, शस्त्रही बदलतं. ऑक्सिडेझ रोखणारं एखादं रसायन वापरून तुम्ही दोन्ही स्थिती तपासल्यात, तर तुमच्या प्रबंधात एक प्रकरण वाढेल.

बुरशीही गप्प बसत नाही. कँडिडा फॅक्टर एच स्वतःच्या अंगावर ओढून घेते आणि साखळी लवकर थांबवते. तिची प्रोटिएझ एन्झाइमं सी३बी कुरतडतात. त्यामुळे वाढीची अवस्था बदलली की निकाल बदलतो. रात्रभराचं यीस्ट आणि दुपारी नव्यानं वाढवलेलं यीस्ट एकाच तुलनेत नको. पुढे ॲस्परजिलस या तंतुमय बुरशीकडे वळणार असाल तर ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. त्याच्या सुप्त बीजाणूंवर जलविरोधी प्रथिनाचं कवच असतं. ३७ अंशांवर काही तास फुगवल्यावरच ग्लुकन उघडं पडतं. तंतू तर न्यूट्रोफिलापेक्षा कितीतरी मोठे. ते गिळले जात नाहीत, बाहेरून मारले जातात, आणि एका तंतूची वसाहत एकच येते. तिथे एक्सटीटीसारखी चयापचय मोजणारी चाचणी लागते. तिथे पीटीएक्स३ हे प्रथिनही जमेला धरा. ते न्यूट्रोफिल स्वतःच्या कणिकांत साठवून ठेवतात आणि गरज पडली की बाहेर सोडतात. क्रिप्टोकॉकस या कॅप्सूल असलेल्या यीस्टची गोष्ट आणखी निराळी : जाड कॅप्सूलच्या खोल थरात सी३ बसलं तर शिक्का असूनही रिसेप्टरच्या हाती लागत नाही.

एवढं सगळं करून, सशाच्या पेशी फोडणाऱ्या ताज्या सीरमसह आणि सायटोमीटरवर सी३ दिसत असतानाही मारणं दिसलं नाही, तर मात्र मार्गदर्शकांचं म्हणणं तपासा. न्यूट्रोफिलांना डायहायड्रोरोडामाइन १२३ (ऑक्सिडेझ चालू झालं की चमकणारं रसायन) द्या आणि पीएमएनं चेतवा; ते या रिसेप्टरांना वगळून पेशी चेतवतं. चांगल्या पेशी पंधरा-वीस मिनिटांत झगझगीत होतात. पीएमएनं चमकल्या पण शिक्के मारलेल्या झायमोसाननं चमकल्या नाहीत, तर रिसेप्टरपाशी घोटाळा आहे. बफरमधलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि ईडीटीएचं धुणं पुन्हा पाहा. दोन्हींनी चमकल्या नाहीत तर पेशी खरोखरच खराब आहेत. त्या वेळी रक्त घेतल्यापासून किती वेळ गेला, लाल पेशी फोडताना पाणी किती सेकंद राहिलं आणि सेंट्रिफ्यूजचा ब्रेक चालू होता का, हे तीन मुद्दे आधी तपासा.